तलब आली की सोबत्याला फोन करा

१० नोव्हेंबर, रविवार

लतिका मॅडम म्हणाल्या, रोज डायरी लिहा, मन मोकळं होतं. मला मन मोकळं करायला आजवर डायरी लागली नाही. नागपूरच्या एसटी स्टँडवर मी माईकवर बोलतो. "सावनेरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक नऊवर लागत आहे." ज्याची गाडी सुटली तो खिडकीत डोकं घालून मला शिव्या देतो, मी त्याला देतो, दोघंही मोकळे. माईकवर माझी भाषा एकदम शुद्ध, माईक बंद केला की नागपूर सुरू. डायरीत काय होते ते पाहू.

झालं असं की शुक्रवारी स्टँडवर आम्हा कर्मचाऱ्यांची दातांची मोफत तपासणी होती. चहा-बिस्किटं होती म्हणून मी रांगेत लागलो. सदर भागातल्या दवाखान्याच्या डॉक्टर सरिता, वय माझ्या पुतणीएवढं. "काका, तोंड उघडा." उघडलं. "आणखी." म्हटलं, बाई, दार एवढंच आहे. तिनं माझीच तीन बोटं उभी धरून माझ्याच तोंडात घालायला लावली. गेली, पण घासून गेली. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा आहे म्हणे, चिंचोक्याएवढा.

"दिवसाचे किती खर्रे?"

"तीन."

"खरं सांगा."

"तीनच. चौथा बायको खाऊ देत नाही."

हे खोटं नाही. घरात शिरलो की प्रेमिला आधी शर्टाचा खिसा उलटा करते, खर्र्याच्या प्लास्टिक पन्न्या मोजते, मग तोंडाचा वास घेते, मग चहा ठेवते. चौथी पन्नी सापडली तर चहा नाही आणि वरून असा उद्धार, की शेजारचे टीव्हीचा आवाज कमी करून ऐकतात. लग्न झाल्यापासून मी तिनावर थांबलो तो तिच्या तोंडामुळे.

डॉक्टर म्हणाली, खर्रा आजपासून बंद, पंधरा दिवसांनी परत या, चट्टा तसाच असला तर बारीक तुकडा काढून तपासायला पाठवू. तुकडा! माझ्या गालाचा! अन् खर्रा सुटावा म्हणून रामदासपेठेतल्या 'नवी उमेद' केंद्राचा पत्ता दिला. तिथं आज प्रेमिलाला घेऊन जाऊन आलो.

केंद्र चालवणाऱ्या लतिका मॅडम मूळच्या नाशिकच्या. मनाच्या फार चांगल्या, पण खर्रा त्यांनी पाहिलेला नाही. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत टाकून तळहातावर कसा घोटतात हे आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना समजावून सांगितलं. सांगता सांगता सगळ्यांचेच हात चालू लागले. मग गोल करून खुर्च्यांवर बसलो. "मी शालिकराम ढोके, आणि मी खर्रा खातो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खर्रा खातो म्हणून टाळ्या! बाप्पा!

केंद्राचे नियम आहेत. तलब आली की खायचं नाही, सोबत्याला फोन करायचा. माझा सोबती ताराचंदभाऊ, कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेला, सावनेरहून येतो. गटात बोललेलं गटाबाहेर न्यायचं नाही. आणि घरच्यांसाठी वेगळा नियम. बायकांची बैठक बाजूच्या खोलीत झाली. प्रेमिला बाहेर आली ती गप्पच. स्कूटरवर विचारलं, "काय सांगतलं वं तुले?"

"विचारू नका म्हने. खिसे पाहू नका, वास घेऊ नका, तोंडात पाहू नका. टोकलं का माणूस चिडते अन् आनखी खाते. विश्वास ठेवा म्हने."

"मंग?"

"मंग काय, ठेवते विश्वास."

मला तर शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागल्यासारखं वाटलं.

१२ नोव्हेंबर

काल एकही नाही. आजही दुपारपर्यंत एकही नाही. मग तलब आली. नियमाप्रमाणे ताराचंदभाऊला फोन केला. तो म्हणाला, "धीर धर गा शालिक. मले सांग, कसं वाटून राहिलं?" मी सांगितलं. ओली सुपारी दाताखाली कशी फुटते, चुना जरा जास्त झाला की जीभ कशी चुरचुरते, सारं सांगितलं. तिकडून काहीच आवाज येईना.

"ताराचंदभाऊ?"

"बोल ना गा, मी ऐकून राहिलो."

मी फोन केला तेव्हा त्याला तलब नव्हती. ठेवला तेव्हा होती. त्याने लगेच मला उलटा फोन केला.

१५ नोव्हेंबर

फोनवर भागत नसेल तर प्रत्यक्ष भेटा, असं मॅडमनी सांगितलं आहे. म्हणून ताराचंदभाऊ सावनेरच्या गाडीनं आला. स्टँडच्या मागं सुशीलचा पानठेला आहे, त्याच्या बाजूला उभे राहून एकमेकांना धीर दिला. बराच वेळ दिला. सुशील आमच्याकडे पाहून राहिला होता. शेवटी ताराचंदभाऊ म्हणाला, एकाएकी सोडलं तर शरीराला झटका बसते, आपण एकात दोघं खाऊ, निरोपाचा म्हणून. अर्धा त्यानं, अर्धा मी. अर्ध्याला खाणं म्हणत नाहीत.

घरी जाताना छाती धडधडत होती. प्रेमिलानं दार उघडलं, खिशाकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं, आणि चहा ठेवायला गेली. वा रे नियम!

१७ नोव्हेंबर, रविवार

आज केंद्रात एक गंमत झाली. मॅडमनी विचारलं, "या आठवड्यात कोण कोण पूर्ण मुक्त राहिलं?" सगळे खाली पाहून राहिले. माझ्या डोक्यावर पंखा गरगरत होता. नोव्हेंबरात कोण पंखा लावतं राजेहो? पंखा बंद करा म्हणायला मी हात वर केला. मॅडमच्या डोळ्यांत पाणीच आलं. टाळ्या सुरू झाल्या. एक जण तर उठून गळ्यात पडला. एवढ्या टाळ्या पडल्यावर पंख्याचं काढणं बरं दिसत नाही. खाली बसलो.

ताराचंदभाऊनं सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

२० नोव्हेंबर

आज स्वतःशी हिशोब केला आणि चक्रावलो. पूर्वी मला सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तलब यायची. ताराचंदभाऊला यायची मधल्या वेळेत, खाणीतल्या पाळ्यांची सवय. आता माझी आली की मी त्याला फोन करतो आणि त्याची आली की तो मला. म्हणजे मला माझीही येते आणि त्याचीही. शिवाय तो एक दिवसाआड येऊनच राहिला. अर्धे अर्धे धरले तरी पाच होतात. एकट्यानं व्यसन केलं तेव्हा तिनात भागत होतं.

आणखी एक अडचण. पूर्वी खाल्ला की थुंकायचो. आता मी मुक्त. मुक्त माणूस थुंकेल कसा? गालात दाबून ठेवतो आणि रस गिळतो. माईकवर बोलताना तो एका बाजूला सरकवून ठेवायची कला मला साधली आहे.

२३ नोव्हेंबर

आज दवाखान्यात जायचं होतं. तुकड्याच्या विचारानं दोनदा चप्पल घातली, दोनदा काढली. तेवढ्यात सदरहून डॉक्टरांच्या स्वागतिकेचाच फोन आला. "काका, अभिनंदन! केंद्राकडून कळलं, तुम्ही पूर्ण मुक्त झालात. मग पुढच्या तपासणीच्या यादीतून तुमचं नाव काढू ना? आमच्याकडे खूप पेशंट थांबले आहेत."

म्हटलं, "काढा, काढा. ज्याला गरज आहे त्याला द्या."

तुकडा वाचला. आनंदानं शिट्टी वाजवायला गेलो तर ओठ नीट गोल होईनात. थंडीनं होते असं.

२६ नोव्हेंबर

मी काय केलं ते लिहितो, कारण मलाच कळत नाही काहून केलं. काल रिकामी पन्नी मी शर्टाच्या खिशातच राहू दिली. विसरलो नव्हतो. मुद्दाम राहू दिली आणि शर्ट धुवायला टाकला.

आज संध्याकाळी घरी आलो. शर्ट धुऊन, इस्त्री करून ठेवलेला. खिशातल्या वस्तू टेबलावर ओळीनं मांडलेल्या. पेन, पास, कंगवा, पन्नी. पन्नी वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर कंगवा ठेवलेला.

प्रेमिला भाजी चिरत होती. मी टेबलाजवळ उगाच खाकरलो, खुर्ची सरकवली. "जेवता काय?" एवढंच म्हणाली. मला तिचा असा राग आला! चाळीस घरांना ऐकू जाईल असं ओरडणारी बाई, अन् आता तिला माझी एवढीही फिकीर नाही.

२९ नोव्हेंबर

तर्री-पोहेवाल्याशी भांडलो. तर्री आहे का तेजाब? पहिला घास गालाला लागला आणि डोळ्यांतून पाणी. त्याला म्हटलं, माणसं मारतो काय बे? तो म्हणाला, "काका, तुम्हीच बारा वर्षांपासून डबल तर्री मागता." या आठवड्यातला हा तिसरा ठेला. सगळ्या शहरानंच मिरची बदललेली दिसते.

घरी उलटं. जिच्या हातच्या रश्शानं पाहुण्यांच्या कानातून धूर निघायचा ती आजकाल मुगाची खिचडी करते, दुधी करते, वरणात साधी फोडणीची मिरची नाही. विचारलं तर म्हणे, "थंडीत हलकं खावं." थंडीत कोण हलकं खाते? नियम लागला तेव्हापासून हिचं संसारातलं लक्षच उडालं आहे.

१ डिसेंबर, रविवार

मी आता 'आदर्श मुक्त' आहे. केंद्रानं फोटो काढला. फोटोवाला म्हणाला, "काका, दात दाखवून हसा." म्हटलं, माझा मिटल्या तोंडाचाच फोटो रुबाबदार येतो.

बॅनर कुठं लावला असेल? स्टँडवर! माझ्या खिडकीसमोर! मी आत बसून माईकवर बोलतो आणि बाहेर मीच माझ्याकडे पाहून राहिलो आहे. 'मी सोडला. तुम्हीही सोडा.' सुशीलच्या ठेल्यावर मी आता जाऊ शकत नाही. ताराचंदभाऊ आणून देतो, उपाहारगृहाच्या मागच्या बोळीत. अमोल नावाचा एक तरुण कंडक्टर आज माझ्याकडे आला, म्हणाला, काका, तुमचा बॅनर पाहून मी पण आजपासून बंद केला. मी मान हलवली. बोलता येत नव्हतं, गालात होता.

५ डिसेंबर

प्रवाशांच्या तक्रारी वाढल्या. घोषणा समजत नाही म्हणतात. मी साहेबांकडे लेखी दिलं की लाउडस्पीकर जुना झाला आहे. नवा बसला. आज एक म्हातारी खिडकीत येऊन म्हणाली, "बाबू, तोंडातलं खाऊन घे आधी, मंग बोल." मी भडकलो. तोंडात त्या वेळी काहीच नव्हतं.

वायरमनला पुन्हा बोलावलं आहे. नवा स्पीकरही खराब निघाला.

८ डिसेंबर, रविवार

बैठक संपल्यावर मॅडमना बाजूला घेतलं. म्हटलं, मॅडम, त्या डॉक्टरांनी माझ्या गालात एक चट्टा—

मॅडमनी हात वर केला. "शालिकरामजी, आपल्याकडे आजाराची भाषा नाही. नवीन लोक घाबरून पळतात. तुम्ही तर आमचा चेहरा आहात. चेहऱ्यानं घाबरायचं नसतं." मग माझी नकारात्मकता जावी म्हणून सगळ्या गटालाच सिंहासन करायला लावलं. तोंड फाडून, जीभ हनुवटीपर्यंत काढून गर्जना करायची. खोलीभर सिंह डरकाळ्या फोडून राहिले. माझी जीभ ओठांपर्यंत आली आणि तिथंच थांबली. माझा सिंह दाराआडून पाहत होता.

"हळूहळू जमेल," मॅडम म्हणाल्या, आणि पाठीवर थाप मारली. बाई वाईट नाही हो. मनापासून करते. म्हणूनच तिला सांगता येत नाही.

१२ डिसेंबर

सकाळी दाढी करताना दार लावलं आणि मोबाइलचा उजेड तोंडात धरला. चट्टा आता चिंचोका राहिला नाही. मधोमध लाल आहे. दोन बोटं घातली, गेली. तिसरं घातलंच नाही. अडलं असतं तर मग?

मला भीती वाटते. इथं लिहितो, कारण दुसरीकडे कुठं बोलायला जागाच नाही. डॉक्टरकडे जावं तर ती एका नजरेत ओळखेल आणि केंद्राला कळेल. केंद्राला कळलं तर बॅनर उतरेल, तो अमोल काय म्हणेल, साहेब काय म्हणतील? मुक्त झालेल्या माणसाला आजारी पडायची सोय नाही.

भीतीनं तलब आली. सोबत्याला फोन केला. तो आला.

१५ डिसेंबर, रविवार

आज केंद्राला दांडी मारली. जेवताना प्रेमिला समोर बसली होती. मी घास बारीक करून उजव्या बाजूनं चावत होतो. ती माझ्याकडे पाहत होती, मी तिच्याकडे.

"तुम्हाले—" ती म्हणाली.

"काय?"

"काही नाई. भात कालवून देऊ काय मऊ?"

मी 'दे' म्हटलं. माझी फार इच्छा होती की तिनं ताट सरकवावं, कमरेला पदर खोचावा आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करावा. तिनं भात कालवला, वर तूप घातलं आणि आत निघून गेली. स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात आपटल्याचा आवाज आला. तेवढ्यानंही बरं वाटलं.

पुढच्या रविवारी माझा जाहीर सत्कार आहे. सपत्नीक.

२२ डिसेंबर, रविवार

घरी आल्या आल्या लिहायला बसलो.

रामदासपेठेतला हॉल, समोर दोनशे तरी माणसं, मंचावर पाहुणे. स्टँडवरून साहेब आले होते, अमोल आला होता. ताराचंदभाऊ पहिल्या रांगेत. सुरू व्हायच्या आधी हॉलच्या मागं त्यानं मला धीर दिला होता, तो गालात होता. मला शाल दिली, नारळ दिला, प्रेमिलाला साडी दिली. मॅडमनी माझं एवढं कौतुक केलं की मलाच त्या माणसाला भेटावंसं वाटलं. मग म्हणाल्या, "शालिकरामजींच्या या यशामागं ज्यांचा विश्वास आहे, त्या प्रेमिलाताईंनी दोन शब्द बोलावेत."

प्रेमिला आजवर माईकपुढं उभी राहिलेली नाही. साडी खुर्चीवर ठेवली, पुढं गेली. माईकपासून लांबच उभी राहिली, पण तिला माईकची गरज कधी होती?

"मॅडमनं सांगतलं, विचारू नका. मी नाई विचारलं. खिसे पाहू नका म्हनल्या, नाई पाह्यले. दीड महिना होत आला, माझ्या तोंडाले कुलूप हाय. आता दोन शब्द बोला म्हनता, तर माह्यापाशी दोनच हायेत."

आणि माझ्याकडे वळली.

"तोंड उघडा."

हॉलमध्ये हशा पिकला. लोकांना वाटलं कार्यक्रमातलाच भाग आहे. टाळ्या पडल्या. मी शाल सावरली, हसल्यासारखं केलं.

"हासू नका. उघडा म्हनते ना मी!"

मी उघडलं. जेवढं उघडते तेवढं. ती सरळ जवळ आली, अन् पाहुण्यांसमोर, साहेबांसमोर, तिनं डाव्या गालात बोट घालून खर्रा बाहेर काढला आणि समोरच्या टेबलावर, पुष्पगुच्छाच्या बाजूला ठेवला. मग दोन बोटं घातली. तिसरं घालून पाहिलं. तिसरं गेलं नाही.

तिचा हात तिथंच थांबला. मग तिनं माझ्या गालावरून तो हात फिरवला, आणि तिचा आवाज चढला तो चढलाच. मी कोण आहे, माझा बाप कोण होता, मला लाज आहे का, मी मेलो तर तिनं कोणाच्या नावानं शिव्या घालायच्या, सगळं. पहिल्या रांगेतले लोक मागं सरकले. मॅडम "ताई, ताई, गटाचे नियम" म्हणत मध्ये आल्या, तर त्यांनाही त्यातलं थोडं मिळालं.

मी रडलो. शाल तोंडाला लावून लहान पोरासारखा रडलो. लाजेनं नाही. खरं सांगतो, एवढं बरं मला महिनाभरात वाटलं नव्हतं.

२४ डिसेंबर

तुकडा काढला. मुंगी चावल्यासारखं वाटेल म्हणाली होती डॉक्टर. मोठी मुंगी होती. रिपोर्टला आठवडा लागेल.

बाहेरच्या बाकावर वाट पाहताना प्रेमिलाचं बोलणं चालूच होतं. डॉक्टर सरितालाही ऐकवलं, बरा झाला म्हणून नाव कापता, पण बरा झाला की नाही हे तोंडात पाहून ठरवाल का फोनवर? डॉक्टरनं मान खाली घातली. म्हणाली, चूक झाली काकू. मग मला म्हणाली, "तिखट कधीपासून सोसत नव्हतं?"

म्हटलं, "सोसते ना. बाहेरचे ठेलेवालेच—"

"घरी कोनतं तिखट खाल्लं तुमी महिन्याभरात?" प्रेमिला म्हणाली. "मी टाकलंच नाई. पहिल्या आठवड्यातच पाह्यलं, घास गालाले लागला का तुमचा डोळा मिटते. विचारता येत नव्हतं, म्हनून बिनतिखटाचं रांधलं. आनखी काय करू?"

खिचडीला नावं ठेवली होती मी.

२ जानेवारी

रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. पण त्याच्या वाटेवर बरंच पुढं गेलो होतो, असं डॉक्टर म्हणाली. आणखी चार-सहा महिने सत्कार घेत राहिलो असतो तर सांगता येत नाही. चट्टा काढून टाकतील, गालात सुया देतील, आणि दर महिन्याला तपासणी. खर्रा आयुष्यात पुन्हा नाही. तोंड उघडावं म्हणून आइसक्रीमच्या काड्या एकीवर एक रचून दातांमध्ये धरायच्या, दर काही दिवसांनी एक वाढवायची. काड्या धरल्या की बोलता येत नाही. प्रेमिला तेवढ्या वेळात बोलून घेते.

खर्रा सुटला का? तलब येते, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. आली की मी सोबत्याला नाही, घरी फोन करतो. पलीकडून जे ऐकू येते त्यानंतर माणसाला काही खाण्याची इच्छा राहत नाही. खिशाची झडती पुन्हा सुरू झाली आहे. काल खिशात काही नसताना मी स्वतःच तो उलटा करून दाखवला.

५ जानेवारी, रविवार

माझा बॅनर त्यांनी उतरवला होता. आज सकाळी कामावर आलो तर नवा लागलेला. शाल, मिटलेलं तोंड, 'मी सोडला. तुम्हीही सोडा.' ताराचंदभाऊ.

सावनेरची गाडी लागली आणि तो उतरला. नवा सदरा, केस तेल लावून बसवलेले. स्वतःच्याच बॅनरखाली उभा राहून वर पाहत होता. डावा गाल फुगलेला. मी माईक ठेवून बाहेर गेलो.

"ताराचंदभाऊ, चाला माह्यासंगं. सदरले डॉक्टरकडे."

"आज कसा येऊ गा? सत्कार हाय ना संध्याकाळी. पाहुणे येऊन राहिले. सत्कार होऊ दे, मंग पाहू."

"तोंड उघडा जरा."

"तुहं येगळं होतं, शालिक. मले काई नाई. थोडं तिखट लागते, बस." आणि माझ्यापासून दोन पावलं मागं सरकला. खाणीत उभं आयुष्य काढलेला माणूस, माझ्या बोटांना भ्याला.

मी आत आलो. गटात बोललेलं बाहेर न्यायचं नाही, हा केंद्राचा नियम. मी मोबाइल काढला आणि त्याच्या बायकोला, वच्छलावहिनींना, सावनेरला फोन लावला. म्हटलं, "वहिनी, मी शालिकराम. ताराचंदभाऊनं खर्रा सोडला नाही. रोज खाते. त्यातला अर्धा मीच खात होतो. त्याईच्या तोंडात काहीतरी झालं आहे, अन् ते डॉक्टरकडे यायले तयार नाहीत."

तिकडं हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मले माहीत हाय भाऊजी," वहिनी म्हणाल्या. आवाज एकदम बारीक. "कवाचं माहीत हाय. पन मॅडमनं विचारू नका म्हनलं होतं ना. मी विचारलं अन् ते पुन्हा खाऊ लागले तर माह्यावर येईन, असं वाटे. रोज रात्री ते झोपले का मी त्याईच्या तोंडाकडे पाहत बसते." मग म्हणाल्या, "विचारू काय मी?"

एवढ्या मोठ्या बाईनं, नवऱ्याला विचारू का, असं मला विचारलं.

"विचारा वहिनी. आत्ता विचारा. मोठ्यानं विचारा."

मी फोन ठेवला. खिडकीच्या काचेतून ताराचंदभाऊ दिसत होता, बॅनरखाली, भांग सारखा करत. त्याचा फोन वाजला. त्यानं हसून कानाला लावला. मग कानापासून हातभर लांब धरला. बाजूचे प्रवासी वळून पाहू लागले. एक फेरीवाला टोपली डोक्यावर तशीच धरून थांबला. सावनेरचा आवाज माझ्या काचेच्या आत येत होता, आणि त्यातला शब्द न् शब्द समजत होता.

ताराचंदभाऊनं दोन-तीनदा "हाव, हाव" म्हटलं. मग कचऱ्याच्या डब्यापाशी जाऊन गालातलं सगळं थुंकला, बाहीनं तोंड पुसलं आणि माझ्या खिडकीकडे पाहिलं. डोळे भरलेले होते. मी साहेबांना सांगून बाहेर पडलो आणि सदरसाठी ऑटो थांबवला.